पोकलेनने पाइप उतरवायचेच असतील, तर चालकाला ते शिकवा

प्रति,
सचिव, कामगार विभाग,
सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
तसेच पाणीपुरवठा व भुयारी गटार योजनांच्या निविदा काढणारे सर्व कार्यकारी अभियंते आणि नगरपरिषदांचे मुख्याधिकारी,
महाराष्ट्र राज्य.

विषय : खोदाई यंत्रांच्या चालकांना वजन उचलण्याचे प्रशिक्षण देणे व निविदेत त्याची अट घालणे.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यात पोकलेन, म्हणजे लोखंडी चेनवर चालणारी खोदाई यंत्रे (एक्सकॅव्हेटर), तासाच्या भाड्याने देण्याचा व्यवसाय करतो आणि त्याआधी बरीच वर्षे मी स्वतः ही यंत्रे चालवली आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातील एका नगरपरिषदेच्या भुयारी गटार योजनेची निविदा माझ्या हाती आली. यंत्राला काम मिळेल या आशेने मी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. सुरक्षेच्या अटी सविस्तर होत्या. हेल्मेट, बूट, चमकणारे जॅकेट, चराभोवती कठडे, रात्री लाल दिवे, प्रथमोपचाराची पेटी, सारे काही होते. मात्र १००० मिलिमीटर व्यासाचे सिमेंटचे पाइप चरात कोण उतरवणार, कोणत्या यंत्राने उतरवणार आणि त्या माणसाला ते काम कोणी शिकवलेले असणार, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. कार्यालयात जाऊन विचारले तेव्हा ‘ते कंत्राटदार बघून घेतो’ असे उत्तर मिळाले. कंत्राटदार ते कसे बघून घेतो हे मला पुरेपूर ठाऊक असल्यामुळे हे निवेदन आवक-जावक नोंदवहीत न टाकता सर्वांसमोर मांडत आहे.

या विषयाशी माझा संबंध केवळ धंद्याचा नाही. माझा भाचा अशाच एका कामावर हेल्पर होता. पाइप चरात उतरवताना बकेटच्या, म्हणजे माती उचलणाऱ्या लोखंडी सुपड्याच्या, दाताला अडकवलेली साखळी निसटली, पाइप एका बाजूने खाली आला आणि त्याचा उजवा पाय घोट्याखाली चिरडला गेला. यंत्र माझे नव्हते आणि चालकही माझ्या ओळखीचा नव्हता. त्या चालकाला मी दोष देत नाही, कारण साखळी दाताला अडकवू नये हे त्याला कोणीही, कधीही सांगितलेले नव्हते. अपघाताची नोंद मात्र ‘चरात पाय घसरून पडल्याने दुखापत’ अशी झाली. म्हणजे कागदोपत्री त्या दिवशी तिथे पाइप उचललाच गेला नव्हता. माझ्या तक्रारीचे मूळ नेमके इथे आहे. पोकलेनने वजन उचलण्याचे काम राज्यातल्या जवळपास प्रत्येक पाइपलाइनच्या कामावर रोज होते, पण शासनाच्या कागदावर ते अस्तित्वातच नसते. जे काम कागदावर नाही त्याचे प्रशिक्षण नसते, त्याचा दर नसतो आणि त्याची तपासणीही नसते.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी ते थोडे तपशिलाने सांगतो. गावातला रस्ता अरुंद, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला घरांच्या पायऱ्यांना लागून पाइपांची रांग. पोकलेन चराच्या दिशेने उभे. हेल्पर पाइपाच्या पोटातून साखळी ओवतो आणि तिचे दुसरे टोक बकेटच्या मधल्या दाताला घालतो. चालक बकेट थोडी आत वळवतो, म्हणजे साखळी दातावर बसते. पाइप उठतो, यंत्र वळते आणि पाइप हेलकावे खात चरावर येतो. तो चरात सरळ बसावा म्हणून खाली दोन माणसे उभी असतात व ती हातांनी त्याला दिशा देतात. चालकाला चराचा तळ दिसत नाही. वर उभा असलेला कोणीतरी ‘आन दे, आन दे, बास’ असे ओरडतो आणि इंजिनाच्या आवाजात त्यातले निम्मे ऐकूच येत नाही. पाइप टेकला की साखळी सैल करण्यासाठी चालक बकेट उघडतो. तो बेतापेक्षा क्षणभर आधी टेकला असे वाटले, तर साखळी दातावरून निघते आणि पाइप अजून अधांतरी असतो.

आता वजनाचे पाहू. १००० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा आणि सुमारे ११५ मिलिमीटर जाडीचा एनपी-३ या ताकदीच्या वर्गाचा सिमेंट पाइप घेतला, तर त्यात जवळजवळ एक घनमीटर काँक्रीट भरते, म्हणजे वजन अडीच टनांच्या आसपास जाते. मी आजवर ज्या ज्या चालकांना विचारले त्यांतील बहुतेकांनी ‘टनभर असेल’ असे सांगितले. यात त्यांच्या बुद्धीचा प्रश्न नाही. मातीने भरलेली बकेट किती जड आहे हे त्यांना हाताच्या लिव्हरवर कळते, कारण तेच त्यांना शिकवलेले आहे. व्यास, लांबी आणि जाडी यांवरून वजन काढणे हे चौथी-पाचवीच्या गणिताच्या थोडे पुढचे काम आहे, तेवढे शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

‘मशीन वीस टनांचे आहे, अडीच टनांचे काय घेऊन बसलात’ हे वाक्य मी मुकादमापासून अभियंत्यापर्यंत सर्वांकडून ऐकले आहे. वीस टन हे यंत्राचे स्वतःचे वजन असते, ते किती उचलू शकते याचा आकडा नव्हे. ते किती उचलेल हे भार यंत्राच्या मध्यापासून किती लांब आहे, किती उंचीवर किंवा खोलीवर आहे आणि समोर आहे की बाजूला, यांवर ठरते. आयएसओ १०५६७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, यंत्र ज्या भाराला उलटू लागते त्याच्या ७५ टक्के किंवा त्याची हायड्रॉलिक ताकद जितके पेलते त्याच्या ८७ टक्के, यांपैकी जो आकडा लहान असेल तो त्या स्थितीतला मान्य भार धरला जातो. हा सारा हिशेब कठीण आणि सपाट जमिनीवरचा आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर कार्तिकापर्यंत चेन किती रुतते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका अटीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

किती अंतरावर किती भार उचलता येतो हे यंत्राच्या लोड चार्टमध्ये, म्हणजे भाराच्या तक्त्यात, दिलेले असते. त्यातील अंतर यंत्र ज्या केंद्राभोवती फिरते तिथून मोजायचे असते. चालक ते चेनच्या कडेपासून मोजतो आणि तिथेच दीड-दोन मीटरची चूक होते. अडीच टन भार चार मीटरवर असताना यंत्रावर जेवढा उलटवणारा जोर पडतो, त्याच्या किमान दुप्पट जोर तोच भार आठ मीटरवर नेल्यास पडतो. शिवाय चेनच्या लांबीपेक्षा दोन चेनमधले अंतर कमी असल्यामुळे बाजूला उचलताना यंत्र समोरच्यापेक्षा लवकर उलटते, आणि अरुंद रस्त्यावर पाइप बहुतेक वेळा बाजूनेच उचलावा लागतो. तक्त्यातल्या आकड्यात बकेटचे वजन धरले आहे की नाही, हे खालच्या बारीक टिपेत दिलेले असते. नसेल तर बकेटचे सातशे-आठशे किलो आणि साखळी-बेल्टचे वजन वजा करूनच उरलेला आकडा आपल्या कामाचा. हे सगळे केल्यावर सात-आठ मीटरवर बाजूने अडीच टनांचा पाइप धरायचा झाल्यास वीस टनांच्या वर्गातल्या अनेक यंत्रांची मर्यादा तिथेच कुठेतरी संपते. चालकाला हे कळते ते मागची चेन जमिनीवरून उचलली गेल्यावर. हो, हे पाहून हसणारे आणि मोबाइलवर चित्रण करणारे लोकही मी पाहिले आहेत.

या पार्श्वभूमीवर माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली तक्रार नियमांच्या अंमलबजावणीबद्दल आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ चा होता, त्याखालचे केंद्रीय नियम १९९८ चे आणि आपल्या राज्याचे नियम २००७ चे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. केंद्रीय नियमांतील वजन उचलण्याच्या साधनांची व्याख्या क्रेन, हॉइस्ट, विंच येथेच थांबत नाही. साहित्य उचलण्यासाठी वापरलेले इतर कोणतेही साधन तिच्यात येते. म्हणजे ज्या क्षणी पोकलेनला साखळी लावून पाइप उचलला जातो, त्या क्षणी ते त्या नियमांच्या कक्षेत येते. सक्षम व्यक्तीकडून चाचणी व ठरावीक मुदतीत तपासणी, सुरक्षित भाराचा आकडा यंत्रावर लिहिणे, चालक आणि खुणा देणारा माणूस त्या कामास पात्र असणे, या गोष्टी तिथे लागू व्हायला हव्यात. हायड्राचा, म्हणजे छोट्या फिरत्या क्रेनचा, कागद तपासणारे अधिकारी मी पाहिले आहेत, परंतु साखळी लावलेल्या पोकलेनजवळ थांबून असा कागद मागणारा एकही अधिकारी माझ्या पाहण्यात नाही. त्यात भर म्हणजे चेनवरचे पोकलेन ट्रेलरवरून येते-जाते, स्वतः रस्त्यावर धावत नाही, त्यामुळे ते आरटीओच्या चौकटीतही बसत नाही. पंधरा हजारांच्या स्कूटरला परवाना लागतो आणि अर्धा कोटीच्या यंत्रावर बसायला उस्तादाने मान डोलावली की पुरते.

दुसरी तक्रार प्रशिक्षणाची. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत एक्सकॅव्हेटर चालकाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याचे प्रमाणपत्र घेतलेली मुले आमच्याकडे येतात. खोदाई, उतार काढणे, डंपर भरणे, ग्रीसिंग, दैनंदिन तपासणी हे त्यांना बऱ्यापैकी येते. लोड चार्ट पुढे ठेवला की गप्प बसतात. बरे, ज्या मोजक्या यंत्रांत हा तक्ता केबिनमध्ये अजून शाबूत आहे, त्यांतही तो इंग्रजीत असतो. आमच्याकडचे चालक बीड, नांदेडकडचे किंवा झारखंड, बिहारचे. त्यांच्या हाती इंग्रजी तक्ता देऊन ‘सूचना दिल्या होत्या’ असे म्हणणे हा निव्वळ हात झटकण्याचा प्रकार आहे.

तिसरी तक्रार साखळ्या, बेल्ट आणि हुक यांची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते, कारण हा खर्च फार नाही. कापडी बेल्टचा रंगच त्याची ताकद सांगतो : जांभळा एक टन, हिरवा दोन टन, पिवळा तीन टन, करडा चार टन. कामावर जाऊन पाहावे, तर रंग उडालेला, कडा कातरलेला आणि मध्ये गाठ मारलेला बेल्ट सर्रास वापरात असतो. गाठ मारलेला बेल्ट बाद समजायचा असतो हे ठाऊक असलेला माणूस शोधावा लागतो. दोन पायांच्या साखळीने उचलताना पायांमधला कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येक पायावर भाराच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. तोच कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक पायावर पूर्ण भाराइतका ताण येतो. आखूड साखळी ताणून लांब पाइपाच्या दोन टोकांना लावणारा हेल्पर नेमके हेच करत असतो, आणि तुटली की ‘साखळी डुप्लिकेट होती’ असे सगळे मिळून ठरवतात.

यंत्राकडूनही थोडी तयारी लागते. भार लावण्यासाठी निर्मात्याने दिलेली जागा किंवा हुक हवा. बूमची, म्हणजे यंत्राच्या मुख्य हाताची, तेलाची नळी फुटली तर बूम धाडकन खाली येऊ नये यासाठीचा व्हॉल्व्ह हवा. क्विक कपलर, म्हणजे बकेट चटकन बदलण्याची पकड, असेल तर त्याची सुरक्षा पिन जागेवर हवी, नाहीतर पाइपाबरोबर बकेटही खाली येते. यांपैकी काय आहे आणि काय नाही हे यंत्र भाड्याने घेताना कोणीही विचारत नाही. मालक म्हणून सांगतो, विचारले असते तर निम्म्या मालकांनी ते बसवले असते, कारण यंत्र घरी उभे राहणे कोणालाच परवडत नाही.

चौथी तक्रार पैशाची. दरसूचीत पाइप उतरवणे, टाकणे आणि जोडणे हे एकाच बाबीत, धावत्या मीटरच्या एकाच दरात बांधलेले असते. ते कोणत्या साधनाने उतरवायचे हे त्यात उघड होत नाही. चर खोदायला पोकलेन आलेलेच असते, मग वेगळा हायड्रा आणि खुणा देणारा माणूस यांवर खर्च करणारा कंत्राटदार कमी दराच्या स्पर्धेत मागे पडतो. जो नियमाने वागेल त्याचे नुकसान आणि जो वागणार नाही त्याला काम, अशी व्यवस्था आपणच उभी केली आहे. चालकाने नकार दिल्यास दुसऱ्या दिवशी यंत्र परत पाठवले जाते. माझ्या एका चालकाने ओल्या कडेवर यंत्र घेण्यास नकार दिला तेव्हा हा अनुभव मी घेतला आहे. भाडे बुडाले, पण तो चालक आजही माझ्याकडेच आहे.

मोठ्या प्रकल्पांवर सुरक्षा अधिकारी असतात आणि तिथली स्थिती बरी आहे, हे मान्य करतो. परंतु १९९८ च्या केंद्रीय नियमांनी सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती ५०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला केली होती आणि २०२० च्या संहितेने ती बांधकामासाठी २५० वर आणली. नगरपरिषदेच्या गटार योजनेवर एका वेळी वीस-पंचवीस माणसे असतात. भाच्याच्या कामावर तेवढीच होती. सक्ती ५०० वरून २५० वर आली काय किंवा १०० वर आली काय, अशा कामांवर सुरक्षा अधिकारी कधीच पोहोचणार नाही. तिथे सुरक्षेचा अधिकारी म्हणजे केबिनमध्ये बसलेला चालकच, म्हणून त्याला शिकवण्याला पर्याय नाही.

हे वाचून एखादा उत्साही अधिकारी ‘पोकलेनने वजन उचलण्यास सक्त मनाई’ असे परिपत्रक काढेल, अशी मला खरी भीती वाटते. कृपया तसे करू नये. आठ-नऊ फुटांच्या गल्लीत जिथे एक यंत्र कसेबसे मावते तिथे क्रेन आणणे शक्य नसते. मनाई झाली तर काम आहे तसेच चालू राहील, फक्त अधिक लपून. योग्य हुक, योग्य तक्ता आणि शिकलेला माणूस असेल तर खोदाई यंत्राने वजन उचलणे जगभर मान्य आहे. ब्रिटनमध्ये वजन उचलण्याच्या कामांसाठी १९९८ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार असे प्रत्येक काम सक्षम व्यक्तीने आधी आखलेले, देखरेखीखालचे आणि सुरक्षितपणे पार पाडलेले असावे लागते, आणि पोकलेनने वजन उचलले तर तेही त्यात येते. खोदाईची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून उचलण्याची पात्रता आपोआप मिळाली असे तिथे धरले जात नाही. अपघात तिथेही होतात. पण झालेला अपघात कोणत्या कामात झाला हे तरी कागदावर येते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

ज्या कामात पोकलेनने पाइप, चेंबरचे भाग किंवा अन्य साहित्य उचलले जाणार आहे, त्या कामाच्या निविदेत ते स्पष्ट लिहावे आणि त्यासाठी स्वतंत्र बाब व स्वतंत्र दर द्यावा. त्या दरात प्रशिक्षित खुणा देणाऱ्या माणसाची मजुरी आणि प्रमाणित साखळ्या-बेल्ट यांचा खर्च धरावा. हे झाल्याशिवाय बाकीच्या मागण्या कागदावरच राहतील, म्हणून मी ती सर्वांत आधी मांडतो.

एक्सकॅव्हेटर चालकाच्या प्रशिक्षणाला वजन उचलण्याचा वेगळा भाग जोडावा आणि त्याची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर घ्यावी. वजन माहीत नसलेला काँक्रीटचा ठोकळा समोर ठेवावा. उमेदवाराने मोजपट्टीने मापे घेऊन त्याचे वजन काढावे, तक्ता वाचून तो कोणत्या अंतरापर्यंत उचलता येईल ते सांगावे, साखळी निवडावी आणि मगच लिव्हरला हात लावावा. ठोकळ्यांपैकी एक मुद्दाम मर्यादेबाहेरचा असावा आणि ‘हा उचलणार नाही’ असे म्हणणाऱ्यालाच त्याचे गुण मिळावेत. चालक आणि हेल्पर यांना एकत्र शिकवावे, कारण खुणा दोघांच्या एकच असल्या पाहिजेत. आज प्रत्येक गावाची खूण वेगळी आहे. मूठ वळली की कोणी ‘थांब’ समजतो, तर कोणी ‘बकेट मिट’ समजतो.

जे चालक वर्षानुवर्षे हे काम करत आहेत त्यांना पुन्हा पहिलीत बसवू नये. त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांचा छोटा वर्ग तालुक्याच्या ठिकाणी घ्यावा आणि त्या दिवसांची मजुरी द्यावी. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो याच कामगारांच्या नावाने घेतला जातो. त्यातला काही भाग त्यांचे हातपाय शाबूत राहण्यासाठी खर्च करण्यास कोणाची हरकत असू नये. रोज बुडवून शिकायला या, असे पोट हातावर असलेल्या माणसाला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही.

प्रत्येक यंत्राच्या केबिनमध्ये लोड चार्ट मराठी आणि हिंदीत, अंतरे व बाजू चित्राने दाखवून लावणे मालकांना सक्तीचे करावे. तो नसेल तर त्या यंत्राने वजन उचलू नये. आमच्यासारख्या मालकांवर ही सक्ती आली तरी मला चालेल. साखळी किंवा बेल्ट बकेटच्या दाताला अडकवण्यास मात्र पूर्ण मनाई असावी, आणि भार हवेत असताना त्याच्या खाली किंवा चरात त्याच्या टप्प्यात कोणीही उभे राहू नये. पाइपाला दिशा द्यायला दोर बांधता येतो आणि त्याला काही रुपयेच लागतात.

चालकाने सुरक्षेच्या कारणावरून वजन उचलण्यास नकार दिल्यास त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याने जागेवर येऊन लेखी निर्णय द्यावा, आणि नकारामुळे यंत्र परत पाठवल्यास त्या दिवसाचे भाडे व चालकाचा रोज देण्याचे बंधन कंत्राटदारावर असावे.

शेवटची मागणी नोंदीची. अशा कामातील अपघाताच्या अहवालात यंत्र कोणते होते, भार किती होता, तो कशाने बांधला होता आणि चालकाने कोणते प्रशिक्षण घेतले होते, हे चार रकाने असावेत. ‘पाय घसरला’ एवढ्यावर अहवाल स्वीकारू नये.

पावसाळा संपला की थांबलेल्या योजनांची कामे पुन्हा सुरू होतील आणि चरांच्या कडेला पाइपांच्या रांगा लागतील. त्याआधी किमान एका जिल्ह्यात हा वर्ग सुरू करावा. जागा, वीस टनांचे एक यंत्र आणि त्याचे डिझेल पहिल्या तुकडीसाठी मी विनामूल्य देण्यास तयार आहे. शिकवणारा माणूस आणि परीक्षा घेण्याचा अधिकार मात्र शासनाकडून यायला हवा. या पत्राचे लेखी उत्तर मिळावे आणि ते निविदा काढणाऱ्या सर्व कार्यालयांच्या सूचना फलकावर लावले जावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक पोकलेन मालक व माजी चालक,
जिल्हा सातारा